दुबईत आई-बाबांना घेऊन जाताना हॉटेल कोणत्या भागात घ्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे: दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदाच दुबई, सोबत सत्तरीकडे झुकलेले आई-बाबा, पाच रात्री, बजेट मध्यम. देरा, बर दुबई, मरीना की शारजा?

माझं उत्तर आधीच देऊन टाकते. बर दुबईत, बुर्जुमान मेट्रो स्टेशनपासून पाच-सात मिनिटांत चालत पोचता येईल असं हॉटेल घ्या. म्हणजे मनखूल ही वस्ती, नाहीतर शेजारच्या करामा वस्तीची त्या बाजूची कड. का, ते आता जरा पाल्हाळ लावून सांगते.

मी करामात चार वर्षं राहिले. त्या चार वर्षांत पाहुण्यांसाठी हॉटेल शोधणं हे घरात माझ्याकडेच होतं, कारण पहिल्याच वर्षी माझे मोठे दीर स्वतः बुकिंग करून आले आणि फसले. शेख झायेद रोडवरचं छान चकचकीत हॉटेल, खोलीतून समोरचं सुपरमार्केट दिसायचं. पण मधे बारा-चौदा लेनचा रस्ता! तो पायी ओलांडायचा तर मेट्रो स्टेशनचा पूल गाठायचा, पलीकडे उतरायचं आणि तेवढंच उलटं चालत यायचं. महिना जूनचा. एक दिवस त्यांनी हे केलं. दुसऱ्या दिवसापासून दुधाच्या पिशवीसाठी टॅक्सी, आणि टॅक्सीचं किमान भाडंच बारा-तेरा दिरहम. जाऊबाई अजून ते दूध काढतात बोलण्यात.

तेव्हा नकाशावरचं अंतर बघून भुलू नका. पारा जून ते सप्टेंबर चाळिशीच्या वर असतो आणि वर आखाताचा दमटपणा. एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला तिथे कायद्यानेच बंदी आहे. तुम्ही जाल तेव्हा संध्याकाळी बाहेर बसावंसं वाटेल इतपत हवा असेल, पण दुपारचं ऊन म्हाताऱ्या माणसांना तरीही लागतंच. म्हणून हॉटेल बघताना प्रश्न एकच: दारापासून स्टेशनपर्यंत उन्हातली पावलं किती?

आता बुर्जुमानच का. दुबई ही किनाऱ्याला धरून लांबच लांब पसरलेली आहे. एका टोकाला विमानतळ आणि खाडी, दुसऱ्या टोकाला मरीना, मधे तीसेक किलोमीटर, आणि मागे वाळवंट. २००९ साली सुरू झालेली मेट्रोची रेड लाइन या लांबीतूनच धावते. २०११ ची ग्रीन लाइन जुन्या भागात फिरते. दोन्ही जिथे मिळतात अशी स्टेशनं दोनच, युनियन आणि बुर्जुमान. युनियन देरात, बुर्जुमान बर दुबईत. बुर्जुमानहून बुर्ज खलिफाला गाडी न बदलता जाता येतं, सोन्याच्या बाजाराला ग्रीन लाइनने जाता येतं, विमानतळाच्या टर्मिनल १ आणि ३ लाही थेट गाडी.

शिवाय जेवण. करामात थाळी, डोसा, पोळी-भाजी सगळं पायाखाली आहे. तिसऱ्या दिवशी बाबा ‘साधा वरण-भात मिळेल का’ म्हणतीलच, तेव्हा माझी आठवण काढा. संध्याकाळी अल फहिदीच्या जुन्या वस्तीत जा, वारा खाली घरात ओढणारे ते चौकोनी मनोरे दाखवा आणि तिथून खाडीच्या काठाने चालत अब्रा धरा. अब्रा म्हणजे लाकडी होडी, एका दिरहमात खाडी पार. आमच्याकडे आलेल्या ज्येष्ठांपैकी बहुतेकांना ८२८ मीटरच्या बुर्ज खलिफापेक्षा ही होडीच जास्त आवडली. फक्त चढताना हात द्या, ती हलते.

देरा वाईट नाही. खोल्या आणखी स्वस्त मिळतात, अल रिग्गा स्टेशनच्या आसपास राहणं सोयीचंही आहे. देरातल्याच नाइफ भागाच्या गल्ल्या मात्र गजबजलेल्या. एक सावधगिरी देरा आणि बर दुबई दोन्हीकडे घ्यायची: दोन-तीन तारांकित हॉटेलांपैकी बऱ्याच ठिकाणी खाली नाइट क्लब असतो आणि पहाटेपर्यंत धडधड चालते. बुकिंगआधी लोकांच्या प्रतिक्रियांमध्ये ‘आवाज’ आणि ‘क्लब’ शोधा. स्वयंपाकघर असलेलं हॉटेल अपार्टमेंट मिळालं तर तेच घ्या. आईला सकाळचा चहा स्वतःच्या हातचा मिळतो.

मरीना दिसायला देखणं. समुद्रकिनाऱ्यावर लोळायचं हाच कार्यक्रम असेल तर जरूर राहा, तिथे २०१४ पासून ट्रामही आहे. पण जुन्या बाजारात जायचं तर जाताना सुमारे तासभर, येताना तासभर. डाउनटाउन, म्हणजे बुर्ज खलिफाचा परिसर, जास्त पैसे मोजायची तयारी असेल तरच. अल बरशा ही माझी दुसरी पसंती: मॉल ऑफ द एमिरेट्सच्या मागे, शांत, मधल्या दराची हॉटेलं, फक्त स्टेशनपासूनचं अंतर तपासा.

शारजा नको. खोली स्वस्त दिसते, पण तिथे मेट्रो नाही आणि सकाळ-संध्याकाळ दुबईच्या रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते, त्यात तुमच्या पाच दिवसांतला एक दिवस जाईल.

काही बारीकसारीक. स्टेशनांना कंपन्यांची नावं दिल्यामुळे घोळ होतो: करामाचं स्टेशन नकाशात ‘एडीसीबी’ दिसेल, अल फहिदीचं ‘शरफ डीजी’. दुबई मॉलचं स्टेशन मॉलला लागून नाही. मधे आठशे मीटरचा बंदिस्त, थंडगार पूल आहे, सरकते पट्टे आहेत, तरी आईचे गुडघे दुखत असतील तर त्या दिवशी टॅक्सी करा. गाडीत बायका-मुलांसाठी वेगळा भाग असतो, बाबा चुकून तिथे बसले तर शंभर दिरहम दंड. डब्यात खाणं-पिणंही चालत नाही, च्युइंगगमसुद्धा. हॉटेलच्या दरात ‘टुरिझम दिरहम’ हा पर्यटकांकडून घेतला जाणारा कर बहुधा धरलेला नसतो. तो दर खोलीमागे दर रात्री ७ ते २० दिरहम, जितके तारे जास्त तितका जास्त, आणि काउंटरवर वेगळा मागतात.

आणि तिकिटावर टर्मिनल बघून ठेवा. टर्मिनल २ असेल तर ते विमानतळाच्या पार दुसऱ्या बाजूला आहे, तिथे मेट्रो जात नाही. परतीचं विमान रविवारी सकाळचं असेल तरीही टॅक्सीच सांगून ठेवा, कारण रविवारी मेट्रो आठनंतर सुरू होते.