ट्रॅक्टरला उसाच्या दोन ट्रॉल्या जोडताना कोणती काळजी घ्यावी?

पन्नास एचपीचा ट्रॅक्टर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढेल का, असे तुम्ही विचारले आहे. सपाट रस्त्यावर तो ओढेल. खरा विचार करायला हवा तो थांबण्याचा. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन-अडीच टन, ब्रेक बहुधा फक्त मागच्या चाकांना, आणि मागे ब्रेक नसलेल्या ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस. उतारावर हा सगळा भार ट्रॅक्टरला पुढे रेटतो आणि अशा वेळी चालकाने जोरात ब्रेक मारला, तर ट्रॅक्टर रस्त्यात आडवा होऊन उलटू शकतो. म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा, उतार संपेपर्यंत क्लच दाबू नये आणि डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलवर सोडण्याची सवय असेल तर ती मोडून काढावी. शेतात वळण्यासाठी सुटी ठेवलेली डावी-उजवी ब्रेक पेडले फडातून डांबरी रस्त्यावर येतानाच एकमेकांना जोडावीत, कारण एकाच पेडलवर पाय पडला तर ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन वळतो. वाटेत घाट असेल, तर माझे स्पष्ट मत आहे की एकच ट्रॉली न्यावी, खेपा वाढल्या तरी चालतील.

हुकाची पिन अधूनमधून काढून, ग्रीस पुसून पाहावी. ती मधोमध झिजून बारीक झालेली दिसली, तर त्याच दिवशी बदलावी. पिनच्या खालच्या भोकात क्लिप हवी आणि जोडीला साखळीही हवी.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती रात्रीची. ताशी वीस किलोमीटरने चाललेल्या ट्रॉलीमागे ऐंशीच्या वेगाने मोटार आली, तर दोघांमधले शंभर मीटर अंतर अवघ्या सहा सेकंदांत संपते. त्यात मागे लोंबणाऱ्या वाढ्यांनी (उसाच्या हिरव्या शेंड्यांनी) लाल रेडियम झाकले गेले असेल किंवा त्यावर चिखल बसला असेल, तर मोटारचालकाला समोर फक्त अंधार दिसतो. म्हणून फडातून निघताना लोंबणारा ऊस छाटावा, मागचे लाल व बाजूचे पिवळे रेडियम ओल्या फडक्याने पुसावे आणि शेवटच्या ट्रॉलीचा दिवा लागतो की नाही, हे खाली उतरून पाहावे.

ट्रॉली पंक्चर झाली, तर ती शक्य तितकी डांबरी रस्त्यावरून खाली, कडेला घ्यावी आणि मागे बऱ्याच अंतरावर चमकणारा त्रिकोण ठेवावा. चाकांना व रस्त्यावर लावलेले दगड निघताना आठवणीने उचलावेत. मागे राहिलेल्या अशा दगडावर रात्री दुचाकी आदळली, तर माणूस जिवाला मुकतो. टेपचा आवाजही मागचा हॉर्न ऐकू येईल इतकाच असावा.