दुखतंय म्हणतो, ते खरं धरा

प्रश्न : ताई, माझा नऊ वर्षांचा मुलगा सिकलसेलचा पेशंट आहे. आम्ही तळोदा तालुक्यातले. सध्या त्याला घेऊन धुळ्याला दवाखान्यात आहे. हातपाय, बरगड्या दुखतात म्हणून रात्र रात्र रडतो. जेठ भेटायला आले, म्हणाले, लाडावलाय, नाटकं करतो. सुई लावताना मी ‘काही दुखणार नाही’ म्हणते, तर माझ्याकडे पाठ करतो. डॉक्टर मॉर्फिन द्यायचं म्हणतात, सवय लागेल का? रोज विचारतो, होळीला काठी गावाला जायचं ना? काय सांगू? धाकटी मुलगी सासूबाईंजवळ आहे, ती फोनवर बोलतच नाही. — एक आई

उत्तर : ताई, आधी जेठांचं. माझी सगळी नोकरी मुलांच्या वॉर्डात गेली. या आजाराचं दुखणं बाहेरून दिसत नाही, म्हणून मोठी माणसं फसतात. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि पुढे हाडाला रक्त पोचत नाही. ते दुखणं भयंकर असतं. एखादं पोर मोबाईल बघत पडलेलं असतं, तेव्हाही दुखणं तिथेच असतं, त्याने फक्त मन दुसरीकडे लावलेलं असतं. दुखणं मोजायचं यंत्र नाही. किती दुखतं ते तोच सांगणार, आणि त्याचं म्हणणं सिस्टरपर्यंत पोचवायला तुम्ही आहात. जेठांना हे शांतपणे सांगा, पण मुलासमोर सांगा. आई आपल्या बाजूने बोलली, हे त्याच्या कानावर पडू द्या.

एक वही करा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सोसवत नाही, असं त्याला समजावून आकडा विचारत जा. वेळ, आकडा, कुठे दुखतंय, औषध कधी दिलं, एवढं लिहा आणि राउंडला वही पुढे करा. ‘रात्रभर रडला’ म्हणण्यापेक्षा ‘दोन वाजता आठ, औषधानंतर तासाने पाच’ हे डॉक्टरांना जास्त कामाचं असतं.

मॉर्फिनला घाबरू नका. अशा दुखण्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे दिवस दिलं तर व्यसन लागणं फार दुर्मिळ आहे. त्याने शौचाला घट्ट होते, पेंगही येते. पोर नेहमीपेक्षा जास्त गुंगीत वाटलं, हाक मारून जागं होईना किंवा श्वास मंद झाला, तर लगेच सिस्टरला बोलवा.

बरगड्यांचं तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझं लक्ष तिथेच अडकलं. बरगडी दुखते म्हणून पोर श्वास वरच्यावर घेतं, फुप्फुसाचा खालचा भाग नीट उघडत नाही आणि छातीत गंभीर त्रास सुरू होऊ शकतो. फुंकर आत ओढली की तीन छोटे चेंडू वर जातात, ते श्वासाचं यंत्र (स्पायरोमीटर) मिळतं, ते डॉक्टरांकडे मागा. दिवसा जागा असेल तेव्हा दर दोन तासांनी दहादा लांब श्वास घ्यायला लावा. यंत्र नसेल तर साबणाचे फुगे उडवायला द्या, मुलं त्यात रमतात. ताप, खोकला, धाप किंवा छातीत दुखणं वाढलं, तर राउंडची वाट पाहू नका. शेक गरम पाण्याच्या पिशवीचा, फडक्यात गुंडाळून. बर्फ अजिबात नको, थंडीने पेशी जास्त अडकतात.

आता सुईचं. ती टोचणारच आहे, आणि ते त्याला माहीत आहे. म्हणा, ‘टोचेल, मी हात धरते. उजवा हात देतोस की डावा?’ सिस्टरला चालत असेल तर हात त्याला निवडू द्या. नऊ वर्षांच्या पोराच्या हातात दवाखान्यात दुसरं काहीच नसतं. म्हणून ही निवड मला फार मोलाची वाटते.

काठीच्या होळीचंही तसंच. तारखेचं वचन देऊ नका. ‘डॉक्टर घरी सोडतील तेव्हा कळेल. जाता आलं नाही तर बाबा तुला बावा-बुध्यांचा नाच फोनवर दाखवतील,’ असं सांगा, आणि बाबांकडून ते कबूल करून घ्या. तिथे रात्रभर थंडीत जागरण असतं, ते यंदा त्याला झेपणार नाही. हे तुम्ही सांगण्याऐवजी डॉक्टरांनी त्याला समजावलं तर बरं.

तुम्ही जेवता का, हे पत्रात नाही. जेवा.

धाकटी रुसली आहे. ‘दादाला बरं वाटेल मग येते’ एवढ्याने तिचं भागणार नाही. तिला रोज ठरलेल्या वेळी फोन करा, आणि त्या फोनवर दादाचा विषय काढू नका. शाळेत काय झालं, कोंबडीने पिल्लं काढली का, असं तिचंच बोला. आणि तिची सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. आई-वडील दोघेही वाहक असले, म्हणजे स्वतःला आजार नसला तरी तो मुलांकडे जाऊ शकत असला, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजाराची असते, मग आधीच्या मुलाला आजार असो वा नसो. २०२३ पासून केंद्राची सिकलसेल मोहीम चालू आहे, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या माणसांची तपासणी होते. आशाताईंना विचारा. सासूबाई तिला घेऊन जाऊ शकतील, तुम्ही परत जाईपर्यंत थांबायला नको.