जुडास प्रीस्ट स्टेडियम भरेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की आयर्न मेडन आणि मेटॅलिका हे हेवी मेटल (जोरकस, गिटारप्रधान रॉक) वाजवणारे बँड स्टेडियम भरतात, मग त्यांच्याही आधीचा, १९६९ साली बर्मिंगहॅममध्ये सुरू झालेला जुडास प्रीस्ट अजून अरीनांमध्येच का वाजवतो? आणि मनावर घेतलं तर त्यांना स्टेडियम भरता येईल का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. अरीना भरतील, सोबतीला चांगले बँड असले तर नक्कीच. स्टेडियमचा अख्खा दौरा नाही जमणार. स्टेडियमची एखादी रात्र जमेल, पण त्या रात्रीला काहीतरी निमित्त लागेल. यामुळे प्रीस्ट लहान ठरत नाही, हे मला मनापासून वाटतं. म्हणूनच जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे अरीना आणि स्टेडियम यांच्यात मधली पायरी जवळजवळ नाही. अरीना म्हणजे छपराखालची दहा ते वीस हजारांची जागा. लंडनची ओटू साधारण २० हजारांची आहे. स्टेडियम चाळीस हजारांच्या आसपास सुरू होतं आणि वेम्बलीसारखं असेल तर ९० हजारांपर्यंत जातं. १८ हजार माणसं अरीनात आली तर पाय ठेवायला जागा उरत नाही. तीच माणसं स्टेडियममध्ये आली तर मागचे स्टँड ओस पडतात, आणि स्टेजवरच्या माणसाला ते दिसतं.

खर्चाचं गणितही तसंच आहे. अरीनात छप्पर, वीज, खुर्च्या सगळं जागेवर असतं. स्पीकर आणि दिवे छताच्या तुळयांना टांगायचे, सकाळी ट्रक रिकामे करायचे, रात्री भरून निघायचं. स्टेडियममध्ये स्टेजच आधी उभारावं लागतं आणि त्यात दिवस जातात. म्हणून मोठे दौरे लोखंडी सांगाड्याचे एकाहून जास्त संच फिरवतात: एकावर कार्यक्रम चालू असतो, तेव्हा दुसरा पुढच्या शहरात उभा राहत असतो. शिवाय गवत वाचवायला अंथरायच्या फळ्या, मागच्या लोकांसाठी स्पीकरचे वेगळे मनोरे, मोठे पडदे. हा सगळा खर्च एकही तिकीट विकायच्या आधीचा. त्यामुळे ‘या बँडचे जगात किती चाहते आहेत’ या आकड्याचा प्रमोटरला, म्हणजे कार्यक्रमात पैसे घालणाऱ्या आयोजकाला, फारसा उपयोग नसतो. एका शहरात, एका रात्रीसाठी, किती जण पैसे मोजून येतील, हे त्याला हवं असतं.

मी काही वर्षं साउंडवाल्यांच्या चमूत केबल ओढायचं काम केलंय. एका जुन्या बँडच्या वेळी दुपारी वरच्या मजल्यावर काळे पडदे लावायला सांगितले, तेव्हा काय झालंय ते आम्हाला न सांगताच कळलं. वरची तिकिटं विकली गेली नव्हती. ज्यांनी घेतली होती त्यांना दारातच खालच्या जागा बदलून दिल्या. संध्याकाळी दिवे गेल्यावर खालून ती अरीना गच्च भरलेली वाटत होती आणि बँडने जीव तोडून वाजवलं. पण साउंडचेकला आलेल्या गायकाने मान वर करून त्या पडद्यांकडे बघितलं होतं, ते मी अजून विसरलेलो नाही. बँडला त्याच्या मापाची जागा द्यावी, हे माझं मत तिथूनच पक्कं झालं.

आता मेडन. त्यांना हे सगळं आयतं मिळालं असं समजू नका. १९९३ला त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन बाहेर पडला आणि त्यानंतरच्या काळात हाच बँड अमेरिकेत क्लबांमध्ये वाजवत होता. १९९९ला डिकिन्सन आणि जुना गिटारवादक एड्रियन स्मिथ परतले, गिटारी तीन झाल्या. पुढची वीस-पंचवीस वर्षं त्यांनी एक शिस्त पाळली: एक दौरा नव्या अल्बमचा, मग एक दौरा जुन्या गाण्यांचा. २००६च्या दौऱ्यात तर नवा अल्बम सलग, पूर्ण वाजवला. जुनीच गाणी ऐकायला आलेले लोक कुरकुरले, पण त्यामुळे बँड जिवंत राहिला आणि पुढच्या जुन्या गाण्यांच्या दौऱ्याची भूकही टिकली. २००८ला त्यांनी बोइंग ७५७ विमान भाड्याने घेतलं. वैमानिकाच्या जागी डिकिन्सन स्वतः, माणसं आणि सामान एकाच विमानात. त्यामुळे एरवी आडवाटेला पडणारी शहरं दौऱ्यात आली. दक्षिण अमेरिकेत त्यांनी वर्षानुवर्षं जे पेरलं, ते नोव्हेंबर २०२४ला सांतियागोच्या राष्ट्रीय स्टेडियममधल्या लागोपाठच्या दोन रात्रींत आणि डिसेंबरात साओ पावलोच्या स्टेडियममधल्या दोन रात्रींत दिसलं. तिथे पुढच्या रांगेत उभी असलेली कितीतरी मुलं १९९९नंतर जन्मलेली आहेत. जुन्या बँडच्या स्टेडियमचं खरं उत्तर या मुलांत आहे, आमच्या पिढीत नाही. आमची पिढी अरीना भरते.

प्रीस्टचं इथेच हुकलं. त्यांचा गायक रॉब हॅलफर्ड १९९२ला गेला तो २००३ला परतला. मेडनची सहा वर्षं गेली, यांची अकरा. आणि ती अकरा वर्षं नेमकी अशी, की तेव्हा मेटल ऐकायला लागलेल्या पोराला हॅलफर्डसोबतचा प्रीस्ट बघायलाच मिळाला नाही. नंतर त्यांनी उत्तम अल्बम दिले, २०२४चा तर मला त्यांच्या पहिल्या फळीतला वाटतो. पण पिढ्यांमधला तुटलेला दुवा सहज जुळत नाही. मग त्यांनी शहाणपणाचा मार्ग धरला: २०२४ला ब्रिटनमध्ये सॅक्सन आणि यूराया हीपला घेऊन अरीना केल्या, अमेरिकेत त्याच वर्षी सबॅटन या तरुण पिढीच्या बँडसोबत आणि २०२५ला अॅलिस कूपरसोबत फिरले. काही जण याला उतरती कळा म्हणतात. मला अजिबात पटत नाही. एका तिकिटात तीन पिढ्यांचा मेटल ऐकायला मिळतो आणि सबॅटनसाठी आलेली पोरं प्रीस्ट ऐकून घरी जातात.

मेटॅलिकाची गोष्ट पार वेगळी, तिथे तुलना करू नका. त्यांच्याकडे मेटल न ऐकणाराही प्रेक्षक आहे. पण त्यांची एक युक्ती बघण्यासारखी आहे. २०२३ला ॲमस्टरडॅमपासून सुरू केलेल्या दौऱ्यात स्टेज मैदानाच्या मधोमध. नेहमीसारखं स्टेज एका टोकाला लावलं की त्यामागचा सगळा स्टँड विकता येत नाही; मध्ये ठेवलं की चारी बाजू विकता येतात. वर बऱ्याच शहरांत दोन रात्री आणि दुसऱ्या रात्री पहिल्या रात्रीचं एकही गाणं नाही.

आता आवाज, आणि हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा. रिकाम्या स्टेडियममध्ये साउंडचेकला ड्रमरने स्नेअरवर (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवर) एक ठोका मारला, की समोरच्या स्टँडवर आपटून तो परत येतो. स्टँड १२० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन सुमारे ०.७ सेकंद. आता २०० बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला २०० मात्रांचं गाणं घ्या, आणि त्यात डबल बास, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायचा मोठा ड्रम, सोळांशांत, म्हणजे मात्रेला चार ठोके: सेकंदाला तेरा ठोके. म्हणजे पहिल्या ठोक्याचा प्रतिध्वनी पोहोचेपर्यंत नऊ नवे ठोके पडून गेलेले असतात. सगळ्याचा चिखल होतो. माणसं भरली की बराच आवाज शोषला जातो, मनोऱ्यांवरच्या स्पीकरना मुद्दाम उशीर देऊन बरंच सावरताही येतं, तरी वेगवान, कापत जाणारा मेटल स्टेडियमला मानवत नाही. तिथे मध्यम लयीची गाणी आणि हजारोंनी एकदम उचलायच्या ओळी चालतात. मेडनच्या गाण्यांत त्या ठासून आहेत. प्रीस्टची जान दोन गिटारींच्या धारदार रिफमध्ये, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटींत आहे आणि ती धार छपराखालीच नीट ऐकू येते.

वयाचा मुद्दा तुम्ही काढला नाहीत, पण तो सोडून चालणार नाही. प्रीस्टचा गिटारवादक ग्लेन टिप्टनला पार्किन्सन्स असल्याचं २०१८ला जाहीर झालं. २६ सप्टेंबर २०२१ला दुसरा गिटारवादक रिची फॉकनरची महाधमनी स्टेजवर फाटली, तशात त्याने गाणं पूर्ण केलं आणि मग शस्त्रक्रियेला गेला. पुढचे कार्यक्रम पुढे ढकलावे लागले. अरीनाचा कार्यक्रम पुढे ढकलणं अवघड, स्टेडियमचा त्याहून कितीतरी अवघड, कारण तारखा बहुतेक ठिकाणी फुटबॉलच्या मोसमाबाहेरच मिळतात.

निमित्ताचं म्हणाल तर बर्मिंगहॅमचाच जुना बँड ब्लॅक सॅबथ बघा. फेब्रुवारी २०१७ला त्यांनी शेवटचा दौरा बर्मिंगहॅमलाच संपवला, अरीनात. ५ जुलै २०२५ला त्याच शहरात, व्हिला पार्क स्टेडियममध्ये ते पुन्हा उभे राहिले. बँड तोच, आठ वर्षांनी म्हातारा झालेला. पण मूळ ड्रमर बिल वॉर्ड परत आला होता, सोबत मेटॅलिकापासून स्लेयरपर्यंत अनेक जण होते आणि ही शेवटची वेळ हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा गायक ऑझी ऑस्बॉर्न सिंहासनावर बसून गायला आणि २२ जुलैला वारला.

प्रीस्टलाही अशी एक रात्र त्यांच्या शहरात मिळाली, सोबत त्यांच्यावर वाढलेले चार-पाच मोठे बँड आले, तर स्टेडियम भरेल, माझी खात्री आहे. तोवर पुढचा अरीना दौरा जाहीर झाला की तिकीट काढा. पैसे असतील तर साउंड कन्सोलच्या लगतची जागा घ्या, मधोमध. इंजिनियर तिथे बसूनच आवाज जुळवतो, त्यामुळे दोन्ही गिटारी वेगवेगळ्या ऐकू येतात.