जपानी मेलन क्रीम सोड्यात आइस्क्रीम ठेवताच फेस ग्लासाबाहेर का उतू जातो?

आइस्क्रीमचा गोळा थेट सोड्यात पडतो म्हणून. तो बर्फावर टेकायला हवा. आइस्क्रीममध्ये हवेचे बारीक बुडबुडे आणि बर्फाचे खडबडीत कण असतात. सोड्यातला वायू त्यांच्याभोवती झपाट्याने सुटतो आणि दुधातली प्रथिनं तो फेस टिकवून धरतात. जपानच्या किस्सातेन म्हणजे जुन्या धाटणीच्या कॅफेंमध्ये उंच ग्लास म्हणूनच बर्फाने खच्चून भरतात.

३०० मिलीच्या ग्लासाला साधारण असं जमतं:
- आधी ३० ते ४० मिली हिरवं मेलन सिरप, मग काठापर्यंत बर्फ. मोठे खडे घ्या; चुऱ्याने फेस वाढतो.
- फ्रिजमधला थंडगार सोडा १२० ते १५० मिली, ग्लासाच्या कडेने हळूहळू. वरची दोन सेंटीमीटर जागा मोकळी ठेवा.
- एका मिनिटाने, फेस बसल्यावर, दगडासारखं घट्ट व्हॅनिला आइस्क्रीम बर्फावर अलगद ठेवा.

थोडा फेस तरीही येणारच, त्याची काळजी नको. आइस्क्रीम बर्फाला टेकतं तिथे जो कुरकुरीत, गोठलेला थर धरतो, तीच यातली खरी गंमत. सिरप मात्र बहुधा नुसत्या मेलनच्या स्वादाचं असतं, त्यात फळ शोधू नका.