गोड्या पाण्याच्या परिसंस्थाशास्त्रात नोकरी आणि पुढचे शिक्षण

प्राणिशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेऊन नद्या-तलावांच्या परिसंस्थाशास्त्रात नोकरी मिळते का, आणि या क्षेत्रात ‘व्यावसायिक विकास’ म्हणजे प्रमाणपत्रे गोळा करण्यापलीकडे काही असते का, असे आपण विचारले आहे. नोकऱ्या आहेत. पाण्याचा दर्जा रसायनांबरोबर त्यातील जीवांवरूनही ठरवावा, असे युरोपीय संघाच्या २००० सालच्या जलविषयक निर्देशासारखे कायदे सांगतात. त्यामुळे शासकीय यंत्रणांना, पाणीपुरवठा संस्थांना आणि सल्लागार कंपन्यांना हे जीव ओळखणारी माणसे लागतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र थोडे सविस्तर द्यावे लागेल.

नदीच्या तळाचे दगडगोटे पायाने ढवळून, प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरलेल्या जाळीत जे येते ते ट्रेमध्ये ओतले की खरी परीक्षा सुरू होते. मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय या कीटकांची पिल्ले पाण्यात वाढतात; मेफ्लायच्या पिल्लाला सहसा तीन शेपट्या असतात आणि स्टोनफ्लायच्या पिल्लाला दोन, हे पुस्तकात वाचलेले असते. पण काही मेफ्लायनाही दोनच शेपट्या असतात आणि हाताळताना शेपट्या तुटतातही, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली पायाच्या टोकाशी एक नखी आहे की दोन, हे पाहूनच निर्णय घ्यावा लागतो (मेफ्लायला एक, स्टोनफ्लायला दोन). कुळ ओळखण्यात चूक झाली तर तिची किंमत मोठी असते. ब्रिटनमध्ये रूढ झालेल्या बीएमडब्ल्यूपी गुणांकनात (सापडलेल्या जीवांच्या कुळांवरून पाण्याचा दर्जा ठरवण्याची पद्धत; प्रदूषण न सोसणाऱ्या कुळाला जास्त गुण) हेप्टाजेनिइडी या चपट्या मेफ्लायच्या कुळाला १० गुण आहेत, तर प्रदूषण अधिक सोसणाऱ्या बीटिडी कुळाला ४. म्हणजे मोजक्या चुकांनीही नदीचे चित्र बदलू शकते.

म्हणून माझ्या मते या व्यवसायातील विकासाची सर्वांत प्रामाणिक कसोटी म्हणजे आपण तपासलेले नमुने दुसऱ्या जाणकाराने नियमितपणे फेरतपासणे. अर्ध्या दिवसाचे वेबिनार ऐकून नोंदवहीत व्यावसायिक विकासाचे तास भरता येतात, आणि अनेक जण तेवढेच करतात. नोंद करायचीच तर त्या शिकण्यामुळे कामाची कोणती पद्धत बदलली, हे लिहावे. पाण्यातील डीएनएवरून प्रजाती ओळखण्याचे तंत्र जरूर शिकावे, पण त्यावरून जीवांची नेमकी संख्या किंवा त्यांची अवस्था भरवशाने कळत नाही, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाची सवय सोडू नये. संख्याशास्त्र आणि स्पष्ट अहवाललेखन यांना तर पर्यायच नाही.

या सगळ्याची जबाबदारी एकट्या नवशिक्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. ज्येष्ठांनी प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच शिकण्याचे आणि फेरतपासणीचे तास धरले पाहिजेत, नाहीतर मुदत जवळ आली की पहिली कात्री त्यांनाच लागते. मुलाखतीत पगाराबरोबर एवढे अवश्य विचारा की आपण ओळखलेले नमुने पुन्हा कोण तपासणार आहे, आणि त्या व्यक्तीला त्यासाठी वेळ दिलेला आहे का.