एका हातानं भाकरी जमंल का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी मंगळवार पेठेत राहते, वय ५६. गेल्या वर्षी लकवा मारला आणि डावी बाजू गेली, आता काठी घेऊन घरातल्या घरात चालते पण डावा हात अजून उघडत नाही. सून चांगली आहे, "आई तुम्ही बसा, मी करते" म्हणते, पण दिवसभर नुसतं बसून जीव गुदमरतोय हो. कांदा चिरायला घेतला की पळतो, भाकरी थापली तर तव्यावर टाकता येत नाही, परवा कुकर उतरवताना पडता पडता राहिला, तेव्हापासून मला गॅसजवळ जाऊच देत नाहीत. काय करू?

उत्तर : काकू, मी स्वतः लहानपणापासून पोलिओमुळं पायात कॅलिपर (आधाराची पट्टी) घालते, त्यामुळं "तू बस, आम्ही करतो" हे किती मायेनं म्हणतात आणि किती लागतं ते दोन्ही मला माहितीय. सूनबाईंना हे उत्तर वाचून दाखवा. स्वयंपाक काकूंकडंच राहू दे, आपण फक्त जागा आणि पद्धत बदलूया.

पहिलं म्हणजे उभं राहून काही करायचं नाही. चिरणं, मळणं, निवडणं सगळं टेबलावर, हात असलेल्या खुर्चीत बसून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून. विळी आता माळ्यावर टाका. सुताराकडनं जाड लाकडी बोर्डला खालून दोन स्टीलचे खिळे ठोकून घ्या, टोकं वर इंचभर निघाली पाहिजेत. त्यावर कांदा खोचला की हलत नाही, एका हातानं सोला आणि चिरा. काम झालं की टोकांवर बाटलीची बुचं बसवून ठेवा, घरात लहान पोरं असतात. बोर्डाखाली आणि परातीखाली ओलं फडकं पिळून अंथरा, सरकायचं थांबतं. डावा हात उघडत नसला तरी परातीच्या कडेवर वजनासारखा ठेवता येतो का ते फिजिओथेरपिस्टला विचारा, तो हात कामात राहिला तर बरंच.

आता भाकरी. पिठाची उकड काढून घ्या म्हणजे मळायला जोर लागत नाही आणि कडा फाटत नाहीत. थापायची मात्र परातीत नाही, थालीपीठ थापतो तशी ओल्या सुती फडक्यावर, एका तळव्यानं, मधेमधे फडकंच फिरवत. मग फडक्यासकट उचलून तव्यावर पालथी घालायची आणि फडकं अलगद सोडवायचं. पहिल्या चार-पाच मोडतील, मोडू देत, तांबड्या रश्श्यात कुस्करून खायच्याच असतात की. माझ्या मावशीलाही लकवा झाला होता, तिला हे जमायला पंधरा दिवस लागले, पण ज्या दिवशी भाकरी टम्म फुगली त्या दिवशी तिनं शेजारच्यांना बोलवून दाखवली.

कुकर उचलायचाच नाही. रिकामा शेगडीवर ठेवा, तांब्यानं पाणी घाला, शिजल्यावर तिथंच गार होऊ दे, डबे सूनबाई काढतील. बाकी भांडी कट्ट्यावरनं सरकवत न्यायची.

एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवा. लकव्यानंतर बऱ्याच जणांना त्या बाजूला गरम-गार नीट कळत नाही. मावशीच्या हाताला तव्याची कड लागली होती आणि तिला ते फोड आल्यावर कळलं. म्हणून गॅसजवळ डावा हात मांडीवर, आणि पाणी किती गरम आहे ते कायम उजव्या हातानं बघायचं. पदर लोंबता नको, गाऊन बरा. ब्लाउज घालताना आधी डावा हात, काढताना डावा शेवटी. आणि काठी उजव्या हातात.

प्रश्न : राजारामपुरीत राहतो. वडील व्हीलचेअरवर आहेत, दारात ६ इंचाची पायरी आहे. गवंडी म्हणतोय २ फुटांचा उतार करून देतो. चालेल का?

उत्तर : नाही दादा, फार खडा होईल, चढवताना तुमची दमछाक आणि उतरवताना खुर्ची पुढं कलंडायची भीती. हिशोब सोपा आहे, १ इंच उंचीला १ फूट लांबी, म्हणजे तुम्हाला ६ फूट पाहिजे. सरळ जागा नसेल तर भिंतीकडेनं घ्या, पण दारासमोर खुर्ची थांबेल एवढी सपाट जागा सोडा. बाथरूमचं दार पण आताच मोजा, मोकळी जागा किमान ३२ इंच हवी, नाहीतर चाकं आत जातील आणि बाबांची बोटं चौकटीला घासतील. आपल्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी स्वतः व्हीलचेअरवर असताना १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही दिव्यांगांसाठीची संस्था उभी केली, उचगावला संस्थेचं वसतिगृह आहे, काम सुरू करायच्या आधी तिथल्या लोकांशी एकदा बोला, रोज खुर्चीवर फिरणाऱ्याला जे कळतं ते गवंड्याला कळत नाही. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर तो अर्ज ऑनलाइन भरता येतो.

आणि उतारावर गुळगुळीत फरशी अजिबात नको, आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहितीय. सिमेंट ओलं असतानाच त्यावर खराट्यानं आडव्या रेघा ओढून घ्या, आणि दोन्ही कडांना दोन-दोन इंचाची वरवंडी, म्हणजे उंच कड.