आधी चौकट कुठे आहे ते बघा

मागच्या अंकात मी लिब्रे ऑफिस या सॉफ्टवेअरमधल्या ‘कॅल्क’बद्दल, म्हणजे हिशेबाच्या तक्त्याबद्दल थोडं लिहिलं होतं. पहिल्यांदाच कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्यांनी आपल्या अडचणी कळवाव्यात, असंही म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली. आर्वीला १९ वर्षं कॉम्प्युटर शिकवते आहे, तरी यातले काही प्रश्न मला वर्गात कधी कुणी मोकळेपणाने विचारले नव्हते. चारचौघांत विचारायला संकोच वाटतो, कागदावर वाटत नाही. म्हणून आज प्रश्न थोडेच घेते, पण सविस्तर.

प्रश्न : मुलाने त्याचा जुना लॅपटॉप मला दिला आणि म्हणाला, बचत गटाचा हिशेब आता यावर लिही. कॅल्क उघडलं की वर इतकी बारीक बारीक चित्रं दिसतात की छातीत धडधडतं. चुकीचं बटण दाबलं गेलं तर मशीन बिघडेल का? आम्ही बारा जणी आहोत, महिन्याला प्रत्येकीची १०० रुपये बचत. वहीतला माझा हिशेब आजवर कधी चुकला नाही. (एका गटाच्या सचिव, दारव्हा तालुका)

उत्तर : ताई, तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. जिचा वहीतला हिशेब चुकत नाही, तिला कॅल्कमधलं अवघड ते आधीच येतं. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब लेखन ही पंचसूत्री तुम्ही पाळताच आहात. रकाने तेच, ओळी त्याच, बेरीज तीच. नवीन आहे ते फक्त पान.

बिघडण्याचं आधी सांगते, म्हणजे धडधड थांबेल. कॅल्कमधलं चुकीचं बटण दाबल्याने मशीन बिघडत नाही. फार तर समोर उघडलेल्या फाइलमध्ये काहीतरी बदलेल. तो बदल मागे घ्यायला कंट्रोलचं बटण दाबून धरा आणि झेड दाबा. एकदा दाबलं की एक पाऊल मागे, पुन्हा दाबलं की आणखी एक. अशी १०० पावलं मागे जाता येतं. मात्र फाइल बंद केली की ही सोय संपते, म्हणून चूक झाल्यासारखी वाटली तर घाबरून फाइल बंद करू नका. आधी कंट्रोल-झेड करून बघा.

आता त्या चित्रांचं. त्यांच्याकडे तूर्त बघूच नका. खाली आडव्या-उभ्या रेघांचं जे मोठं शेत पसरलंय, त्यात एका घराभोवती जाड रेघेची चौकट दिसेल. तुम्ही आत्ता तिथे आहात. टाइप कराल ते तिथेच उमटणार, बाकी कुठेच नाही. बाणांची बटणं दाबून ती चौकट चार घरं उजवीकडे न्या, तीन घरं खाली न्या. नेताना डावीकडे वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या खोक्याकडे लक्ष ठेवा. त्यात आधी ए १ असेल, मग बी १, सी १ असं बदलत जाईल. तो तुमचा पत्ता. रकान्याला अक्षर, ओळीला आकडा. पहिला अर्धा तास एवढंच करा, काही लिहू नका.

मी एवढ्यावर का अडते, ते सांगते. मागच्या हिवाळ्यात वर्गातली एक बाई एकदम रडायलाच लागली, “माया सारा हिशेब उडाला ना मॅडम!” समोर कोरा पडदा. आठ महिन्यांची नोंद होती तिची. मी जवळ जाऊन कोपऱ्यातलं खोकं बघितलं. पत्ता होता ए एफ ४१२. टचपॅडवर बोट घसरून पान भलतीकडे सरकलं होतं आणि घाबरून तिने तिथेच क्लिक केलं होतं. कॅल्कच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी असतात. तिचा हिशेब होता पहिल्या तीस ओळींत, आणि ती उभी होती दूर कुठेतरी पडीक रानात. कंट्रोल दाबून होम दाबायला सांगितलं. चौकट ए १ वर आली, हिशेब समोर. काहीच उडालं नव्हतं. तिने डोळे पुसले आणि वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘कंट्रोल होम’. ताई, तुम्हीही लिहून ठेवा.

दुसऱ्या दिवशी चित्रांकडे या. क्लिक करायचं नाही. माऊसचा बाण एका चित्रावर नेऊन नुसता थांबवा, बाजूला त्याचं नाव उमटेल. रोज पाच चित्रांची नावं वाचा. तुमच्या गटाच्या कामाला मोजून चार लागतील : नवीन फाइल, साठवणं, मागे घेणं आणि बेरजेचं चिन्ह. बाकीची आहेत, असू द्या. किराण्याच्या दुकानात सगळ्याच बरण्या आपल्यासाठी नसतात.

प्रश्न : कापूस वेचणीचा हिशेब कॅल्कमध्ये लिहिला. पाच बायांनी वेचलं ४२, ३८, ५१, ३६ आणि ४५ किलो. हाताने बेरीज २१२ येते, कॉम्प्युटर १७४ सांगतो. दर किलोला १० रुपये. एका बाईच्या मजुरीच्या घरात तर आकड्याऐवजी भलतंच इंग्रजी उमटलं. यावर विश्वास ठेवून मी चुकारा कसा करू? (शेतकरी, हिंगणघाट तालुका)

उत्तर : भाऊ, चुकारा करण्याआधी तुम्ही हाताने ताळा करून बघितला, हे फार चांगलं केलं. ती सवय सोडू नका. वेचणाऱ्या बाईच्या हातात आठवडी बाजाराच्या दिवशी किती पैसे पडतात, हा तिच्या घरच्या आठवड्याचा प्रश्न असतो. तिथे ३८ किलोची चूक म्हणजे ३८० रुपये.

दोन बेरजांत फरक आहे बरोबर ३८ चा. म्हणजे दुसऱ्या बाईचं वजन कॉम्प्युटरने धरलंच नाही. तिच्या घरावर चौकट न्या आणि रकान्यांच्या वर जी लांब पट्टी असते ती वाचा. घरात खरोखर काय लिहिलंय ते तिथे पूर्ण दिसतं. माझा अंदाज, तिथे नुसते ३८ नाहीत, ‘३८ किलो’ लिहिलेलं आहे. आपण वहीत तसंच लिहितो आणि वाचणाऱ्याला कळतं. कॅल्कला मात्र आकड्यासोबत अक्षर दिसलं की ते सगळंच अक्षर वाटतं. बेरजेत ते गाळलं जातं, आणि त्याला दहाने गुणायला सांगितलं की ते चूक झाल्याचा इशारा देतं. तेच तुमचं भलतं इंग्रजी.

हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतं. आकडे घराच्या उजव्या काठाला टेकून बसतात, अक्षरं डाव्या काठाला. तुमच्या रकान्यात चार वजनं उजवीकडे आणि एकच डावीकडे सरकलेलं दिसेल. आणखी खात्री हवी तर कंट्रोल दाबून वरच्या ओळीतलं एफ ८ दाबा. आकडे निळे होतात, सूत्रं हिरवी, अक्षरं काळी. तेच पुन्हा दाबलं की रंग जातात. काही लॅपटॉपवर सोबत एफएन बटणही दाबावं लागतं.

किलो हा शब्द रकान्याच्या डोक्यावर एकदाच लिहा, ‘वजन, किलोत’. खाली निव्वळ आकडे, आणि तेही कळफलक इंग्रजीवर ठेवून. साडेअडतीस लिहायचे तर ३८, मग टिंब, मग ५. नावं मराठीत लिहा, त्याला कॅल्कची काही हरकत नाही.

मजुरी काढताना प्रत्येकीचा गुणाकार वेगळा करत बसू नका. नाव ए रकान्यात, वजन बी मध्ये, दर सी मध्ये असेल, आणि पहिली बाई दुसऱ्या ओळीत असेल, तर चौकट डी २ वर न्या. ‘बरोबर’चं चिन्ह (=) टाइप करा, मग बी २, मग गुणाकारासाठी तारा (आठाच्या आकड्यावर असतो तो, शिफ्ट दाबून; फुली नव्हे), मग सी २. मध्ये जागा सोडायची नाही. लिहिताना वरच्या पट्टीशेजारी एक फुली आणि शिक्षक उत्तराला देतात तशी एक बरोबरची खूण (✓) दिसेल. ती दिसते तोवर घर अर्धवट आहे असं समजा. अशा वेळी मेनूतली बरीच नावं फिकी पडतात, आणि नवा माणूस समजतो की मशीन अडकलं. एंटर दाबा, किंवा नको असेल तर वरच्या डाव्या कोपऱ्यातलं एस्केप दाबा. सगळं जागेवर येतं.

एंटरनंतर चौकट खाली सरकेल, तिला परत डी २ वर आणा. चौकटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर एक बारका ठिपका दिसेल. माऊसचा बाण त्यावर नेला की बाणाचा आकार बदलून अधिकच्या चिन्हासारखा होतो. तसा झाला की डावं बटण दाबून धरा, पाचव्या बाईपर्यंत खाली ओढा आणि सोडा. पाचही मजुऱ्या तयार. तिसऱ्या ओळीत त्याने आपोआप तिसऱ्या ओळीचंच वजन घेतलेलं असतं. वरच्या पट्टीत वाचून खात्री करून घ्या. आता डी रकान्यातली पाचही घरं माऊसने ओढून निवडा आणि पडद्याच्या अगदी खालच्या पट्टीत बघा. काही न लिहिता तिथे बेरीज दिसते. २१२० दिसले की बिनधास्त चुकारा करा.

एखाद्या घरात आकड्याऐवजी आडव्या-उभ्या रेघांच्या जाळ्या ओळीने दिसल्या तर ती चूक नाही. रकाना अरुंद पडलाय, आकडा मावत नाही. वर रकान्याच्या अक्षराशेजारची रेघ माऊसने धरून उजवीकडे ओढा.

प्रश्न : माझी आई ५८ वर्षांची आहे, चाळीस हंगाम कापूस वेचलाय. तिला शिकायचंय, पण डबल क्लिक काही केल्या जमत नाही. बाण निसटतो. ती म्हणते, माझ्या हातातच ते नाही. (मुलगी, समुद्रपूर तालुका)

उत्तर : आईंच्या हातात दोष नाही. ज्या हातांनी चाळीस हंगाम वेचणी केली, त्यांची बोटं वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी चिरून चिरून जाड झालेली असतात. मी बघितलंय, अशी बाई क्लिक करताना अख्खा पंजा उचलते आणि तोच पंजा खाली येताना माऊस हलतो. त्यांचा तळहात टेबलावर टेकवून ठेवायला सांगा, मनगटही टेकलेलं. हलेल ते फक्त पहिलं बोट. तुम्ही शेजारी बसा, पण त्यांच्या हातावर हात ठेवून माऊस फिरवू नका. त्याने हात शिकत नाही.

आणि डबल क्लिकवाचून अडायचं कारणच नाही. फाइलवर एकदा क्लिक करून एंटर दाबलं तरी ती उघडते. कॅल्कच्या आत तर माऊस न धरताही बाणांच्या बटणांनी सगळीकडे जाता येतं. विंडोजच्या सेटिंगमध्ये माऊसच्या भागात डबल क्लिकचा वेग कमी करता येतो, तोही करून द्या.

प्रश्न : काल अचानक वरचा मेनू, चित्रं सगळं गायब झालं. फक्त चौकटी उरल्यात. काही काढून टाकलं गेलं का? (निवृत्त शिक्षक, मेहकर)

उत्तर : गुरुजी, काही गेलेलं नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि जे एकत्र दाबले गेले असावेत, त्याने पान पूर्ण पडदाभर होतं. तेच तीन पुन्हा दाबा. मेनू असेल आणि नुसती चित्रं गेली असतील, तर ‘व्ह्यू’ मेनूत ‘टूलबार्स’वर जा आणि ‘स्टँडर्ड’ व ‘फॉरमॅटिंग’ या दोन नावांवर खूण करा. पत्त्याचं खोकं आणि लांब पट्टी गेली असेल तर त्याच मेनूत ‘फॉर्म्युला बार’ आहे.

प्रश्न : हे सगळं मराठीत दिसू शकतं का? आणि या सॉफ्टवेअरचे पैसे किती? (वाचक, वरुड)

उत्तर : पैसे नाहीत. लिब्रे ऑफिस २०१० साली सुरू झालं, मुक्त परवान्याचं आहे. पेनड्राइव्हवर घेऊन शेजाऱ्याला दिलं तरी ती चोरी होत नाही. बसवून द्यायला कुणी मेहनताना घेतला तर ती त्याची मजुरी, पण ‘लायसन्सचे’ म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आमच्याकडे एका बाईने दिले होते, मला अजून त्याचं वाईट वाटतं.

मराठी पर्याय आहे. बसवताना मराठी निवडायची, मग ‘टूल्स’ मेनूतल्या ‘ऑप्शन्स’मध्ये भाषेच्या भागात जाऊन ती लावायची. भाषांतर सगळीकडे पोहोचलेलं नाही, काही नावं इंग्रजीतच दिसतात. इंग्रजी अक्षरं जोडून वाचता येत असतील तर मी इंग्रजीच ठेवायला सांगते, कारण अडल्यावर मदतीला येणारी भाची किंवा पुतण्या ‘फाइल’, ‘एडिट’ हेच शब्द बोलणार. इंग्रजी अजिबात वाचता येत नसेल तर बिनदिक्कत मराठी लावा.

प्रश्न : आमच्याकडे लाइन केव्हा जाईल नेम नाही. घरी बॅटरी नसलेला डेस्कटॉप आहे. दोन तासांचं लिहिलेलं दोनदा गेलं. (ग्रामस्थ, आर्वी तालुका)

उत्तर : फाइलमध्ये पहिला शब्द लिहायच्या आधी कंट्रोल-एस दाबून तिला नाव द्या, जसं ‘वेचणी कार्तिक’. नंतर प्रत्येक ओळ पूर्ण झाली की कंट्रोल-एस. साठवायचं बाकी असलं की वरच्या साठवण्याच्या चित्रावर खूण उमटते, साठवलं की जाते. ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘लोड-सेव्ह’, ‘जनरल’ या वाटेने गेलात तर आपोआप नोंद ठेवण्याचा मिनिटांचा आकडा मिळेल. तो ३ करा. लाइन परत आल्यावर कॅल्क उघडलं की ते अर्धवट राहिलेली फाइल परत आणू का म्हणून विचारतं. तिथे घाईने ‘नाही’ म्हणू नका. फाइलचं नाव वाचा, होकार द्या, आणि चौकट शेवटच्या ओळीवर नेऊन कुठपर्यंतचं शाबूत आहे ते बघा. तिथून पुढे लिहायला घ्या.